जुनी रिॲक्ट साइट, एक जीबीचा सर्व्हर आणि हेडलेस ब्राउझर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

काही सीझनपूर्वी देवगडकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराला मी साइट बनवून दिली होती, हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकायच्या एवढंच काम. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत केली, तेव्हा सगळे वापरायचे ते क्रिएट रिॲक्ट ॲप नावाचं तयार टेम्प्लेट घेऊन, आणि दिसायला झकास झाली. त्याने लिंक सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर प्रीव्ह्यूमध्ये ना फोटो ना भाव, नुसतं "रिॲक्ट ॲप" लिहिलेलं. एका काकूंनी त्याला फोन करून विचारलं, अरे हे कसलं ॲप पाठवलंयस, आंबे कुठायत? त्याने मला फोन केला आणि मी आधी दहा मिनिटं व्हॉट्सॲपलाच दोष देत बसलो.

झालं होतं असं, की अशा साइटचा सर्व्हर जे एचटीएमएल पाठवतो त्यात जवळजवळ काहीच नसतं. रूट नावाचा एक रिकामा डिव्ह, म्हणजे मोकळा डबा, असतो, एक जावास्क्रिप्टची फाइल असते आणि टायटलच्या जागी टेम्प्लेटमधून आलेलं "रिॲक्ट ॲप" असतं, जे बदलायचं मी विसरलो होतो. बाकी सगळं पान तुमच्या फोनमधला ब्राउझर ती जावास्क्रिप्ट चालवून उभं करतो. व्हॉट्सॲप प्रीव्ह्यूसाठी फक्त ते पहिलं एचटीएमएल वाचतं, स्क्रिप्ट चालवत नाही, फेसबुकचंही तसंच. गूगल चालवतं, २०१९ पासून गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) ताज्या क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मूळ ब्राउझरवर, चालतो, पण तिथेही आधी कच्चं एचटीएमएल वाचलं जातं आणि रेंडरिंग, म्हणजे स्क्रिप्ट चालवून पान उभं करणं, नंतर रांगेतून होतं.

यावर एक उपाय म्हणजे सर्व्हरवर स्वतःच एक ब्राउझर चालवायचा, खिडकी नसलेला, म्हणजे हेडलेस. त्याच्याकडून पान उघडून घ्यायचं, जावास्क्रिप्ट चालू द्यायची, आणि तयार झालेलं एचटीएमएल उचलून स्क्रिप्ट न चालवणाऱ्यांना द्यायचं. तेच कसं करायचं ते सांगतो. (कमांड आणि फंक्शनची नावं मी उच्चारात लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाका.)

आधी बघा, हे खरंच लागतंय का

तुमच्या साइटचं एखादं आतलं पान उघडा आणि कंट्रोल यू दाबा. इन्स्पेक्ट नाही हं, व्ह्यू सोर्स, कारण इन्स्पेक्टमध्ये जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं पान दिसतं आणि तिथेच नवखे फसतात. सोर्समध्ये तुमचा मजकूर दिसत असेल तर हा लेख सोडून द्या, तुमचा प्रॉब्लेम दुसरा आहे.

साइट अजून सुरूच करायची असेल तर सरळ नेक्स्ट, नक्स्ट किंवा ॲस्ट्रो यांपैकी एखादं फ्रेमवर्क घ्या, त्यात सर्व्हरवर रेंडरिंग मुळातच आहे. आणि पानंच चार-पाच असतील तर टायटल, वर्णन आणि ओपन ग्राफचे टॅग (प्रीव्ह्यूत काय दाखवायचं ते सांगणारे) हाताने लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे, त्यासाठी सर्व्हरवर क्रोम बसवणं म्हणजे उंदरासाठी तोफ. हेडलेसचा मार्ग त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे जुनी साइट आहे, पानं डेटाबेसवरून बनतात, पुन्हा लिहायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. गूगलसुद्धा याला कायमचा इलाज म्हणत नाही, तात्पुरती सोय म्हणतं. माझी तात्पुरती सोय गेले कितीतरी सीझन चालूच आहे.

कुठला ब्राउझर घ्यायचा

सर्च केलंत की अजूनही फँटमजेएसचे लेख येतात. एकेकाळी तोच राजा होता, आरिया हिदायत यांनी २०११ साली आणला, पण २०१७ मध्ये क्रोम ५९ बरोबर क्रोममध्येच हेडलेस मोड आला आणि २०१८ मध्ये फँटमचं काम थांबलं. आजची जावास्क्रिप्ट त्याला झेपत नाही, तेव्हा तो लेख दिसला की टॅब बंद करा.

हेडलेस क्रोमचे आता दोन प्रकार आहेत आणि इथे बराच गोंधळ होतो. क्रोम ११२ पासून जो नवा हेडलेस मोड आला तो म्हणजे अख्खं क्रोमच, फक्त खिडकी दिसत नाही. जुना हेडलेस होता तो वेगळा, हलका प्रोग्राम होता, तो क्रोम १३२ पासून मुख्य क्रोममधून काढला आणि आता "क्रोम हेडलेस शेल" या नावाने वेगळा मिळतो. या शेलला एक्स ११ लागत नाही, वेलँड नाही (दोन्ही लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या व्यवस्था), डी-बस (प्रोग्रामांना आपसात बोलायची सोय) नाही. एक्स्टेन्शन वगैरे चालवायचं असेल तर नवा मोड लागतो, पण आपल्याला पान उघडून एचटीएमएल काढायचंय, त्याला शेल पुरून उरतो.

याहून हलकं हवं असेल तर लाइटपांडा आहे, झिग भाषेत लिहिलेला. जावास्क्रिप्टसाठी क्रोमचंच व्हीएट इंजिन वापरतो, पण पान रंगवायची भानगडच ठेवलेली नाही, त्यामुळे मेमरी फार कमी खातो. स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ मात्र त्यातून मागू नका, आणि वेबच्या सगळ्या सुविधाही त्यात अजून आलेल्या नाहीत, एखादी साइट मस्त चालेल आणि एखादी मध्येच गप्प बसेल. तो क्रोमचाच डेव्हटूल्स प्रोटोकॉल (ब्राउझरला बाहेरून हुकूम द्यायची भाषा) बोलतो हे मात्र आपल्या फायद्याचं. म्हणजे आज शेलवर लिहिलेली स्क्रिप्ट उद्या थोड्या बदलात लाइटपांडाला जोडून बघता येते. जेएसडॉमचं नाव पण कोणीतरी सुचवेल, तो ब्राउझर नाहीच, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) डॉमची, म्हणजे पानाच्या आतल्या रचनेची, नक्कल आहे, त्यात लेआउट होत नाही, कुठल्या डिव्हची उंची विचारली की शून्य सांगतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा शेल आणि पपेटीअर ही जोडी घ्या. पपेटीअर म्हणजे क्रोमच्याच टीमने २०१७ ला काढलेली नोडची लायब्ररी, ब्राउझरला दोऱ्या बांधून नाचवायची. पुढचं सगळं त्यावरच सांगतोय.

सर्व्हर तयार करणं

माझा सर्व्हर एक जीबी रॅमचा, महिन्याचं भाडं दोन पिझ्झ्यांएवढं. त्यावर इंजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), नोड आणि डेटाबेस आधीच बसलेले. तुमचाही असाच असेल तर सगळ्यात आधी दोन जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, नाहीतर क्रोमने एखादं जड पान उघडलं की लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) उठतो आणि कधीकधी क्रोमला सोडून तुमचा डेटाबेस मारतो.

मग पपेटीअर एनपीएमने (नोडची पॅकेजं आणणारी कमांड) इन्स्टॉल करा. नव्या व्हर्जनमध्ये तो अख्खं क्रोम आणि शेल दोन्ही उतरवतो. डिस्क लहान असेल तर "पपेटीअर स्किप क्रोम डाउनलोड" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू करून ठेवा, मग फक्त शेल येतो. उबुंटूवर ॲपटने (तिथली पॅकेजं टाकायची कमांड) क्रोमियम टाकायच्या नादी लागू नका, तिथे त्या नावाखाली स्नॅप पॅकेज येतं आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) तर ते चालतच नाही.

पहिल्यांदा चालवल्यावर बहुतेक एरर येणार की अमुक शेअर्ड लायब्ररी सापडली नाही, नाव बहुधा लिबएनएसएस३. घाबरायचं काही नाही, सर्व्हरवाल्या लिनक्समध्ये या लायब्ररी नसतात, जिचं नाव येईल ती ॲपटने टाकायची, परत चालवायचं, पुढचं नाव येईल, तीही टाकायची. शेलच्या बायनरीवर एलडीडी कमांड चालवली तर कुठल्या कुठल्या नाहीत त्याची यादी एकदम मिळते, हे मला चौथ्या एररनंतर कळलं.

दुसरी एरर येते ती सँडबॉक्सची, म्हणजे पानाला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाची. क्रोम रूट यूझरने (सगळे अधिकार असलेला) चालवलं की तो नकार देतो, आणि उबुंटू २३.१० पासून पुढे ॲपआर्मरच्या (प्रोग्रामांवर बंधनं घालणारी लिनक्सची सोय) नव्या नियमामुळे साध्या यूझरलाही "नो यूजेबल सँडबॉक्स" म्हणतो. नेटवर जो तो सांगतो "नो सँडबॉक्स" फ्लॅग टाक आणि मोकळा हो. फक्त स्वतःचीच पानं उघडणार असाल तर मी समजू शकतो, पण मग निदान रूटने चालवू नका. रेंडरसाठी वेगळा यूझर करा, त्याला तुमच्या बाकी फाइल्सना हात लावता येणार नाही असा. आणि बाहेरच्या कोणाची पानं उघडायची असतील तर सँडबॉक्स बंद करायचाच नाही, ॲपआर्मरचा प्रोफाइल लिहायचा.

डॉकरवाल्यांसाठी दोन गोष्टी. कंटेनरला शेअर्ड मेमरी फक्त ६४ एमबी मिळते आणि क्रोमला ती पुरत नाही, पान मध्येच क्रॅश होतं, म्हणून "डिसेबल डेव्ह एसएचएम यूसेज" हा फ्लॅग द्या. आणि कंटेनर चालवताना "इनिट" ऑप्शन द्या, नाहीतर मेलेल्या क्रोम प्रोसेसना उचलायला कोणी नसतं आणि त्या झोंबी होऊन साचत जातात, एक दिवस पीएस कमांड मारता आणि चारशे ओळी येतात.

पहिलं पान काढणं

स्क्रिप्ट खरंच छोटी आहे. पपेटीअरच्या लाँच फंक्शनला हेडलेसची किंमत "शेल" अशी द्या, ट्रू नाही, ट्रू दिलं की अख्खं क्रोम उघडतं. मग न्यू पेज, मग गोटू आणि त्यात पानाचा पत्ता, मग पेज डॉट कंटेंट, ते एचटीएमएलची स्ट्रिंग देतं, ती फाइलमध्ये यूटीएफ-८ मध्ये लिहा, आणि शेवटी पेज क्लोज, ब्राउझर क्लोज. फाइल उघडून त्यात हापूस शब्द सापडला की चहा प्या.

क्लोज मात्र फायनली ब्लॉकमध्येच लिहा. पान उघडताना एरर आली आणि क्लोजपर्यंत पोचलंच नाही तर तो टॅब सर्व्हर बंद होईपर्यंत मेमरी खात बसतो.

गोटूच्या आधी व्ह्यूपोर्ट ठरवा. पपेटीअरची खिडकी न सांगता ८०० बाय ६०० असते, म्हणजे धड मोबाइल नाही धड डेस्कटॉप नाही, साइट रुंदी मोजून मेन्यू ठरवत असेल तर टॅबलेटवाला मेन्यू एचटीएमएलमध्ये येऊन बसतो. शिवाय स्क्रोल केल्यावर लोड होणाऱ्या गोष्टी ६०० पिक्सेलच्या खाली असतील तर त्या येतच नाहीत. मी रुंदी १२८० आणि उंची मुद्दाम ४००० ठेवतो, म्हणजे बिचाऱ्या पानाला वाटतं स्क्रीनच एवढी मोठी आहे आणि ते सगळं एकदम लोड करतं.

थांबायचं किती, हाच खरा प्रश्न

इथे जरा नीट वाचा कारण सगळा खेळ इथेच फसतो. पान "लोड" झालं म्हणजे तयार झालं असं नाही, लोड इव्हेंट आला तेव्हा रिॲक्ट नुकतं जागं होऊन एपीआयला (सर्व्हरवर डेटा देणारा भाग) पेटीचा भाव विचारत असतं, त्या क्षणी एचटीएमएल उचललंत तर हातात "लोड होतंय…" एवढंच येतं.

पपेटीअरमध्ये वेट अनटिल नावाचा ऑप्शन आहे, त्यात "नेटवर्क आयडल शून्य" दिलं की तो ५०० मिलिसेकंद एकही नेटवर्क रिक्वेस्ट चालू नसेपर्यंत थांबतो. ट्युटोरियलमध्ये सगळे हेच देतात आणि डेमोला चालतंही. पण तुमच्या साइटवर चॅटचं विजेट असेल जे सारखं सर्व्हरला विचारत बसतं, तर ती शांतता कधी येतच नाही आणि बरोबर ३० सेकंदांनी टाइमआउट. उलटही होतं, पहिला एपीआय कॉल संपला, ५०० मिलिसेकंद गेले, आणि मग तुमच्या कोडने दुसरा कॉल केला, तोपर्यंत ब्राउझर एचटीएमएल घेऊन पसार. काही जण सरळ पाच सेकंद झोप घालतात, तो तर जुगार झाला, पान साध्या दिवशी एका सेकंदात येतं तेव्हा चार सेकंद फुकट आणि सर्व्हर दमलेला असेल त्या दिवशी पाचही कमी.

त्यापेक्षा पानालाच सांगू द्या ना की मी तयार आहे. रिॲक्टमध्ये डेटा येऊन, टायटल आणि मेटा टॅग बसल्यावर विंडोवर एक व्हेरिएबल ट्रू करा, नाव काहीही ठेवा, मी "पान तयार" असं रोमनमध्ये ठेवलंय. आणि पपेटीअरमध्ये वेट फॉर फंक्शन वापरून तेवढं ट्रू होण्याची वाट बघा, दहा सेकंदांची मर्यादा घालून. मूळ साइटच्या कोडला हात लावताच येत नसेल तर वेट फॉर सिलेक्टर वापरा आणि शेवटी येणाऱ्या गोष्टीची वाट बघा, म्हणजे माझ्या पानावर भावाचा आकडा, हेडिंग नाही, कारण हेडिंग आधीच येतं.

याच व्हेरिएबलचा अजून एक उपयोग. एखादा माल यादीतून काढला असेल तर सिंगल पेज ॲप "सापडलं नाही" असं पान दाखवतं पण सर्व्हरचा स्टेटस मात्र २००, म्हणजे सगळं ठीक, गूगल त्याला सॉफ्ट ४०४ म्हणतं आणि त्याला ते आवडत नाही. मी ट्रूच्या जागी "४०४" ठेवतो, स्क्रिप्ट ते बघते आणि त्या पानाची फाइलच करत नाही, आणि इंजिनएक्स खरा ४०४ देतं.

नको ते अडवा

आपल्याला एचटीएमएल हवंय, मग आंब्यांचे चाळीस फोटो कशाला उतरवायचे? सेट रिक्वेस्ट इंटरसेप्शन चालू करा आणि इमेज, मीडिया, फाँट या प्रकारच्या रिक्वेस्ट अबॉर्ट करा. एकदा इंटरसेप्शन चालू केलं की प्रत्येक रिक्वेस्टचा निकाल तुम्हालाच लावायचा असतो, अबॉर्ट नाहीतर कंटिन्यू, एखादी इफ तुटली आणि दोन्ही नाही केलं तर पान तिथेच लटकतं. ॲनालिटिक्सही अडवा. मी अडवलं नव्हतं आणि बागायतदार खूश होऊन सांगत होता की रात्री तीन वाजता रोज चाळीस लोक साइट बघतात, ते गिऱ्हाईक म्हणजे माझाच क्रॉन, ठरल्या वेळी आपोआप रेंडर करणारा.

सीएसएस अडवताना मात्र विचार करा. बऱ्याच कॉम्पोनंट उंची-रुंदी मोजून ठरवतात काय दाखवायचं, सीएसएस नसेल तर त्यांचं गणित चुकतं.

मिळालेलं एचटीएमएल तसंच देऊ नका

मी रेंडर लोकलहोस्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्यावरून करत होतो, पोर्ट ३०००, म्हटलं बाहेर जाऊन परत यायची गरज काय. आणि कोडमध्ये कॅनॉनिकल लिंक (पानाचा खरा पत्ता सांगणारी) आणि ओजी, म्हणजे ओपन ग्राफचा, यूआरएल विंडो लोकेशनवरून, म्हणजे उघडलेल्या पत्त्यावरून, बनत होते. झालं, सगळ्या जगाला सांगत बसलो की या पानाचा खरा पत्ता लोकलहोस्ट ३००० आहे. डोमेनचं नाव कॉन्फिगमधून घ्या, आणि फाइल लिहायच्या आधी तिच्यात लोकलहोस्ट शब्द शोधा, सापडला तर लिहूच नका.

स्क्रिप्ट टॅगचं काय करायचं? बॉटला (पान वाचायला येणाऱ्या प्रोग्रामला) द्यायच्या कॉपीतून मी ते काढून टाकतो, कारण पान तयारच आहे, परत उभारायचं कशाला. पण सरसकट सगळे स्क्रिप्ट टॅग उडवू नका, गूगलला किंमत वगैरे सांगणारा जेसन-एलडीचा टॅगही स्क्रिप्टच असतो, त्याचा टाइप बघून तो ठेवा.

स्टाइल्ड कॉम्पोनंट्स वापरत असाल तर एक गंमत बघाल, प्रॉडक्शनमध्ये ते सीएसएस टेक्स्ट म्हणून लिहीतच नाहीत, थेट ब्राउझरच्या स्टाइलशीटमध्ये घुसवतात, त्यामुळे पेज डॉट कंटेंटमध्ये स्टाइल टॅग रिकामे येतात. व्हॉट्सॲपला फरक पडत नाही. माणसालाही हीच कॉपी द्यायची असेल तर डॉक्युमेंटच्या स्टाइलशीटमधले नियम एकेक करून बाहेर काढून टॅगमध्ये भरावे लागतात. शॅडो डॉममधला (कॉम्पोनंटने स्वतःपुरता वेगळा ठेवलेला डॉम) मजकूरही कंटेंटमध्ये येत नाही.

ब्राउझरला कमीत कमी बोलवा

नवखे जे करतात ते मीही केलं. बॉट आला की इंजिनएक्स त्याला नोडकडे पाठवणार, नोड त्याच क्षणी क्रोम उघडणार, रेंडर करणार, देणार. एक बॉट आला तर ठीक. एका संध्याकाळी लिंक तीन-चार मोठ्या ग्रुपवर फिरली आणि प्रीव्ह्यू बनवायचं काम व्हॉट्सॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या फोनवरूनच होतं, म्हणजे प्रत्येक पाठवणाऱ्याची रिक्वेस्ट वेगळी, माझ्या सर्व्हरवर एकाच वेळी सात क्रोम उघडली आणि एक जीबी रॅमने मान टाकली. ऑर्डर घेणारं पानही बंद, तेही सीझनमध्ये.

आता गिऱ्हाइकाच्या किंवा बॉटच्या रिक्वेस्टच्या वाटेत ब्राउझर येतच नाही. पानं आधीच रेंडर करून फोल्डरमध्ये ठेवलेली असतात आणि इंजिनएक्स ती साध्या फाइलसारखी देतं. ब्राउझर तीनच वेळा उठतो: नवा कोड चढवला की, ॲडमिनमध्ये भाव बदलून सेव्ह केलं की फक्त त्या पानासाठी, आणि रोज पहाटे तीनला क्रॉनने सगळ्यांसाठी. ब्राउझर एकदाच उघडायचा, पानं एकामागून एक घ्यायची, फार तर दोन एकदम. पानं शेकड्यात असतील तर दर शंभर पानांनी ब्राउझर बंद करून नवा उघडा, क्रोम हळूहळू फुगत जातं आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) या रेंडरच्या सर्व्हिसला मेमरी मॅक्सची मर्यादाही घाला, फुगलंच तर ते एकटं मरेल, डेटाबेसला घेऊन नाही.

फाइल बदलायच्या आधी तपासणी हवीच. एका पहाटे आमचा एपीआय बंद पडला होता आणि क्रॉनने इमानदारीत चाळीसच्या चाळीस पानांवर "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असं रेंडर करून चांगल्या फाइल्सवर लिहिलं. आता स्क्रिप्ट बघते की हेडिंग आहे का, भाव आहे का, फाइलचा आकार कालच्या अर्ध्याहून कमी तर नाही, आणि शंका आली की जुनी फाइल ठेवते आणि मला मेल करते. नवी पानं आधी वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायची, सगळी नीट झाली की सिमलिंक (फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) तिकडे वळवायची.

कोणाला कुठली कॉपी द्यायची हे इंजिनएक्सच्या मॅपमध्ये यूझर एजंट (पान मागणारा स्वतःचं सांगतो ते नाव) बघून ठरवता येतं: व्हॉट्सॲप, फेसबुक एक्सटर्नल हिट, टेलिग्राम बॉट, ट्विटर बॉट, लिंक्डइन बॉट, गूगलबॉट. बॉटला एक आणि माणसाला दुसरं दाखवणं म्हणजे क्लोकिंग नाही का, असं लोक विचारतात. मजकूर तोच असेल तर नाही. बॉटला हापूस आणि माणसाला पायरी दाखवलीत तर मग आहे.

अजून एक, घाईत राहून जातं. रेंडर सर्व्हिसला "यूआरएल द्या, मी रेंडर करून देतो" असं उघडं दार ठेवू नका. कोणीतरी त्यात तुमच्याच सर्व्हरचा आतला पत्ता टाकेल, किंवा क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४, जिथे मशीनची गुपितं मिळतात, किंवा सरळ फाइल स्लॅश स्लॅशने सुरू होणारा पत्ता. पानांची यादी तुमच्याकडे आहेच, फक्त पाथ घ्या आणि तो यादीत असेल तरच उघडा.

मराठी साइटवाल्यांचे वेगळे हाल

हेडलेस ब्राउझरला मराठी येत नाही. म्हणजे त्याची भाषा न सांगता अमेरिकन इंग्रजी असते, आणि तुमची साइट नॅव्हिगेटर लँग्वेज बघून भाषा ठरवत असेल तर तुमच्या मराठी पानाची कॉपी खुशाल इंग्रजीत बनते. एक्स्ट्रा हेडरमध्ये ॲक्सेप्ट लँग्वेज देता येतं, लँग फ्लॅग आहे, पण सगळ्यात खात्रीचं म्हणजे भाषा पत्त्यातच ठेवा, स्लॅश एमआर.

तारखांचंही तसंच. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे तीनच्या क्रॉनने "आजचा भाव" छापला तर तारीख कालची. पपेटीअरमध्ये इम्युलेट टाइमझोनला एशिया कोलकाता द्या, एका ओळीचं काम.

आणि फाँट. नुसत्या एचटीएमएलला फाँटचं काही देणंघेणं नाही, पण प्रीव्ह्यूसाठी भाव लिहिलेलं चित्र किंवा गिऱ्हाइकासाठी मराठी पावती पीडीएफमध्ये याच ब्राउझरने बनवायची म्हणालात तर पहिल्या वेळी अक्षरांऐवजी चौकोन येणार. सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसतो. फाँट्स नोटो कोअर किंवा फाँट्स लोहित देवा हे पॅकेज टाका, मग एफसी लिस्ट कमांडला भाषा एमआर देऊन बघा नाव येतंय का. वेबफाँट वापरत असाल तर इथे फाँटच्या रिक्वेस्ट अडवू नका आणि डॉक्युमेंट डॉट फाँट्स डॉट रेडीची वाट बघून मगच चित्र काढा. एवढं केलंत की जोडाक्षरं आणि वेलांट्या अगदी नीट येतात, कारण क्रोम अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतं. पीडीएफ बनवणाऱ्या साध्या लायब्ररींत "र्‍हस्व" आणि "प्रक्रिया" यांचं काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, मी तर निव्वळ या एका कारणासाठी शेल ठेवला आणि लाइटपांडावर गेलो नाही.

चालतंय का ते बघणं

सर्व्हरबाहेरच्या मशीनवरून कर्ल कमांडला (टर्मिनलवरून पान मागवणारी) यूझर एजंट व्हॉट्सॲपचा देऊन पान मागवा आणि ओजी टायटल शोधा. मग त्याच पत्त्यावर यूझर एजंट न देता मागवा, तिथे मूळचं रिकामं पान यायला हवं. परत व्हॉट्सॲपचा यूझर एजंट देऊन चुकीचा पत्ता मागवा आणि ४०४ येतोय का बघा. मग फोनवर स्वतःलाच लिंक पाठवा. जुनाच प्रीव्ह्यू दिसला तर लगेच कोड बदलायला घेऊ नका, तो कॅशमधला असू शकतो, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह व्ही बरोबर दोन असं काहीतरी लावून परत पाठवा. फेसबुकसाठी त्यांचा शेअरिंग डीबगर आहे, त्यात परत स्क्रेप करायचं बटण मिळतं.

फोटो दिसत नसेल आणि बाकी सगळं बरोबर असेल तर ओजी इमेजचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिलाय का बघा, आणि फोटो किती जड आहे तेही. आमचा बागेतला फोटो थेट मोबाइलमधून काढलेला, सहा एमबीचा होता, तो लहान करून टाकल्यावर दिसायला लागला. मग मी त्या काकूंना परत लिंक पाठवायला सांगितली. त्यांचा रिप्लाय आला, "भाव जास्त आहे."